लाईट बिल परत येत नाही

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक फतवा आला. तसं ते परिपत्रकच, पण आमच्या स्टाफरूममध्ये परिपत्रकाला फतवाच म्हणतात. 'एआयच्या युगात ऑनलाइन व दूरशिक्षणाचे धोरण कसे असावे' यावर प्रत्येकाने दोन पानी टिपण द्यायचं, शुक्रवारपर्यंत. गुरुवारी संध्याकाळी आठ जणांची टिपणं जमा झाली होती. मी सहज चाळली. पाचांत 'दुधारी तलवार' होती, सहांत 'काळाची गरज' होती, आणि एकात शेवटची ओळ तशीच राहून गेली होती : 'हे टिपण अधिक औपचारिक भाषेत करून देऊ का?' सरांचं नाव सांगत नाही. त्यांच्या आणि माझ्या टेबलामध्ये फक्त एक कपाट आहे.

माझं टिपण गेलंच नाही. शुक्रवार उलटला, सोमवारी कुणी विचारलंही नाही. पण डोक्यात जे फिरत होतं ते गेलं नाही, म्हणून इथे लिहून टाकते. दोन पानांत बसणार नाही, आधीच सांगते.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात गेली सव्वीस वर्षं अकाउंट्स आणि कॉस्टिंग, म्हणजे मालाचा खर्च काढणं, शिकवते. सोमवार ते शनिवार नेहमीची मुलं. रविवारी सकाळी दहा ते एक दूरशिक्षणाची संपर्क सत्रं, आणि तिथे माझं पद 'समंत्रक', म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना शिकवणारी. हा शब्द आमच्या घरात कुणालाच धड म्हणता आला नाही. सासूबाई शेवटपर्यंत 'निमंत्रक' म्हणायच्या, आणि खरं तर त्यांचंच बरोबर होतं. रविवारी सकाळी कोल्हापूरच्या माणसाला मटणाच्या दुकानापुढची रांग सोडून प्रोसेस कॉस्टिंगला ये म्हणणं म्हणजे निमंत्रणच, तेही हातापाया पडून दिलेलं. पटावर बेचाळीस नावं, समोर अकरा-बारा. बाकीचे फोनवर भेटतात, किंवा परीक्षेच्या दिवशी.

पण ते अकरा-बारा बघा. एक शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यातला, रात्रपाळी करून थेट येतो, हातात हेल्मेट, डोळे लाल. एकजण मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. एक इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग. दोन अंगणवाडी सेविका, दोघी गडहिंग्लजकडून पहिल्या एसटीने येतात. एक चाळिशीतल्या बाई, मुलगी बारावीला आणि स्वतः एम. कॉम.ला. यातल्या कुणालाच नोकरी सोडून शिकणं परवडणारं नाही. कर्मवीर अण्णांनी 'कमवा आणि शिका' म्हटलं, ही मंडळी ते करतायत, फक्त यांच्या कमवण्याचा आणि शिकण्याचा एकमेकांशी काही संबंध विद्यापीठाने कधी लावला नाही. माझं सगळं रडगाणं इथेच सुरू होतं.

आमच्याकडे ३० गुण गृहपाठाला आणि ७० परीक्षेला. गृहपाठ मी तपासते. एका गृहपाठामागे मिळणाऱ्या मानधनात चहा येतो, सोबत कटवडा येत नाही. यंदा प्रश्न होता : 'सामान्य घट व असामान्य घट यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.' कॉस्टिंग न शिकलेल्यांसाठी थोडक्यात : कुठल्याही प्रक्रियेत थोडा माल वाया जातोच, ती सामान्य घट. तिचा खर्च चांगल्या मालावर चढतो. त्याहून जास्त गेला तर ती असामान्य घट, ती मालाच्या किमतीत घालायची नाही, वेगळी दाखवून नफा-तोट्याला टाकायची. म्हणजे कुणाच्या तरी नावावर ती निघते. साधा वाटतो, पण या एका फरकावर कारखान्यात माणसांच्या नोकऱ्या जातात.

गठ्ठा घेऊन बसले. पहिल्या उत्तरात एक तेल शुद्धीकरण कारखाना. दुसऱ्यात तेल शुद्धीकरण कारखाना. तिसऱ्यात रसायनाचा, चौथ्यात परत तेलाचा. बेचाळीसपैकी एकोणीस ठिकाणी तेल. दहा हजार लिटर, पाच टक्के बाष्पीभवन. कोल्हापूर जिल्ह्यात खनिज तेलाचा शुद्धीकरण कारखाना नाही, समुद्रसुद्धा घाट उतरल्याशिवाय नाही. वाक्यंही कशी, इस्त्री केलेली. 'निष्कर्षतः असे म्हणता येईल की'. माझा इचलकरंजीचा पोरगा 'निष्कर्षतः' म्हणेल? तो 'म्हंजे शेवटी काय' म्हणतो.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पहिला फोन फौंड्रीवाल्याला केला.

"नमस्कार मॅडम. काय चुकलंय का?"

"काहीच चुकलं नाही. तेच विचारायला फोन केलाय. एवढं बरोबर कसं काय?"

गप्प. मागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता.

"खरं सांगू का मॅडम? मोबाईलला विचारलं आन् उतरून काढलं. सातला पाळी सुटली, अकराच्या आत जमा करायचं हुतं."

आता इथे दोन रस्ते होते. एक, शून्य देऊन फोन ठेवणे. पण तो इतका सरळ बोलला की मलाच पुढे काय बोलावं कळेना, म्हणून विचारलं, "तुमच्या फौंड्रीत शंभर किलो लोखंड भट्टीत टाकलं तर शेवटी माल किती निघतो?"

आणि मग त्या माणसाने मला पंचवीस मिनिटं शिकवलं. शंभर किलो चार्ज केलं, त्यातलं तीन-चार किलो जळतं, स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या कचऱ्यात जातं, ते गेलं ते गेलंच. उरलेलं साच्यात ओततात. पण साच्यात नुसतं कास्टिंग, म्हणजे हवी ती ओतीव वस्तू, नसतं, धातू आत जायला वाट लागते तो रनर, आणि वर राखीव धातूचा टेकू लागतो तो रायझर. गार झाल्यावर हे दोन्ही तोडून परत भट्टीत. तीसेक किलो असंच फिरत राहतं. उरलं पासष्ट-सहासष्ट किलो कास्टिंग, त्यातलं काही तपासणीत बाद. ब्लो होल (अडकलेल्या वायूचं भोक) पडलं, वाळू चिकटली, कोअर (साच्यातला आतला गाभा) सरकला. बाद झालेलंही परत भट्टीतच.

"मग मॅडम, मला सांगा, हे लॉस म्हणायचं कसं? लोखंड तर समदं परत येतंय."

मी म्हटलं, मग काय परत येत नाही?

तो थांबला. "लाईट बिल परत येत न्हाई," तो म्हणाला. "आन् मोल्डिंगवाल्याची हजेरी." साचे करणाऱ्याची मजुरी.

सव्वीस वर्षांत प्रोसेस कॉस्टिंगवर याहून चांगलं वाक्य मी ऐकलं नाही. धातूची घट आणि खर्चाची घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजवायला मला फळ्याच्या दोन बाजू लागतात. हा माणूस ते रोज रात्री भट्टीपुढे उभं राहून बघतो. आणि आम्ही त्याच्याकडून घेतलं काय? दहा हजार लिटर तेल.

दोष कुणाचा? मोबाईलचा म्हणणं सोपं आहे. पण आमच्या केंद्राजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानात गेली पंधरा-वीस वर्षं तयार गृहपाठ मिळत होते, विषयवार, फाइलला लावून. ज्यांना हस्ताक्षर स्वतःचं हवं ते घरी नेऊन उतरून काढायचे, ज्यांना तेवढाही वेळ नाही ते बहिणीकडून लिहून घ्यायचे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मीही लाल पेनाने बरोबरच्या खुणा करत होते. वर्षानुवर्षं एकाच मूळ प्रतीला मी वेगवेगळे गुण दिले असणार. परवा तो दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, एआयनं आमच्या पोटावर पाय दिला बघा." हसू आलं, पण त्याच्या तक्रारीत आमच्या सगळ्या धोरणबैठकांपेक्षा जास्त खरं होतं. नक्कल फुकट झाली, एवढाच काय तो फरक. गृहपाठ त्याआधीच मेला होता. आम्ही त्याला दर सहामाहीला गुण देत होतो.

हे असं व्हायला नको होतं. दूरशिक्षणात गृहपाठ ही मूळ गुणांची वस्तूच नव्हती, ते पत्र होतं. १९६९ साली ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा शिक्षकाने विद्यार्थ्याच्या लिखाणावर सविस्तर शेरे लिहून परत पाठवणं हाच शिकवण्याचा मोठा भाग होता. विद्यार्थी लांब आहे, त्याला वर्ग नाही, म्हणून कागदावरचा वर्ग. आपल्याकडे १९८५ साली इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आलं, १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं, 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत. घरोघरी पुस्तकं पोचली हे नक्की, आणि ती चांगली होती. मी स्वतः त्यातली काही वापरते. पण पत्राला उत्तर देणारा माणूस आम्ही सगळ्यांनी मिळून हळूहळू स्वस्तात काढला. एका गृहपाठाला चहापुरतं मानधन दिल्यावर शेरा काय येणार? 'चांगले. अक्षर सुधारा.'

स्टाफरूमच्या आठ टिपणांपैकी सहांची मुख्य शिफारस काय होती सांगू? एआयने लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर विकत घ्या. आता गंमत बघा, चॅटजीपीटी ज्यांनी काढलं त्या ओपनएआयने स्वतःच २०२३ च्या जानेवारीत असं ओळखणारं यंत्र आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते एआयचं लिखाण शंभरातलं फक्त २६ वेळा ओळखत होतं. जुलैत त्यांनी ते गुपचूप मागे घेतलं. ज्यांचं घर त्यांनाच चोर सापडेना. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ निबंध अशा सात यंत्रांना दाखवले. सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के 'एआयचे' म्हणून बाजूला काढले गेले, कारण साधे शब्द, ठरावीक वाक्यरचना. आमच्या अंगणवाडीच्या बाई इंग्रजीत उत्तर लिहितात तेव्हा नेमकं असंच लिहितात. पुस्तकातलं पाठ केलेलं, चुकू नये म्हणून जपून. त्यांना चोर ठरवायला मी यंत्र विकत घेऊ? त्या पैशात त्यांचं एसटीचं भाडं द्या.

बरं, एआयला शिव्या घालून तरी काय होणार. मी मघाशी ज्या चाळिशीतल्या बाईंबद्दल बोलले, त्यांची गोष्ट सांगते. त्या वर्गात एकही प्रश्न विचारायच्या नाहीत. सगळ्यांत मागे, खिडकीजवळ बसतात. एकदा सत्र संपल्यावर जिन्यात गाठून मला म्हणाल्या, "मॅडम, मी रात्री अकरानंतर मोबाईललाच विचारतो." (कोल्हापूरच्या बायका 'विचारतो', 'जातो'च म्हणतात, पुण्याच्या सुनेला हे समजायला वर्ष लागतं.) "सगळे झोपल्यावर. चारचारदा तेच विचारलं तरी वैतागत नाही. तुम्हाला चारदा विचारायला लाज वाटते ओ."

मला आत कुठेतरी टोचलं. मी वैतागते का? वैतागते. तिसऱ्यांदा कुणी 'डेबिट कुठल्या बाजूला' विचारलं की माझा आवाज बदलतो, हे मला माहीत आहे. रात्री अकराला, न चिडता, मराठीत, घरातल्या सासऱ्यालासुद्धा न कळता उत्तर देणारा कुणीतरी त्यांना मिळाला असेल तर तो त्यांच्याकडून हिसकावून घेणारी मी कोण.

पण हिसकावणं वेगळं आणि तो कसा वापरायचा ते शिकवणं वेगळं. तुर्कस्तानात एका शाळेतल्या जवळजवळ हजार मुलांवर गणिताचा प्रयोग झाला, २०२४ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी तो मांडला. काही मुलांना साधा चॅटबॉट दिला, विचारलं की उत्तर देणारा. सरावात त्यांची गाडी ४८ टक्क्यांनी पुढे. मग चॅटबॉट काढून परीक्षा घेतली, तर ती मुलं ज्यांनी तो कधी बघितलाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे. दुसऱ्या गटाला दिलेला चॅटबॉट शिक्षकांनी बांधलेला होता, तो उत्तर सांगत नव्हता, नुसता बोट दाखवत होता. त्या गटाचं सरावात तर फार चांगलं झालंच, आणि परीक्षेत तोटा जवळजवळ नाही. म्हणजे यंत्र तेच. फरक कुणी आणि काय सांगून हातात दिलं याचा. हे काम विद्यापीठाचं आहे. बंदीची नोटीस लावणं हे काम शिपायाचं झालं.

मी त्या बाईंना एवढंच सांगितलं : त्याला म्हणा, मला उत्तर देऊ नको, मला प्रश्न विचार, आणि मी चुकले की लगेच बरोबर सांगू नको. पुढच्या रविवारी त्या आल्या आणि वर्गात हात वर केला. पहिल्यांदा. प्रश्न असा होता की मलाच पुस्तक उघडावं लागलं.

उलट बाजूची गोष्ट गुळाच्या दिवाणजींची. त्यांनी हौसेने आपल्याच धंद्यावर कॉस्ट शीट, म्हणजे खर्चाचा तक्ता, करायला घेतलं. यंत्राला विचारलं, तीस किलोच्या एका रव्याचा उत्पादन खर्च काढून दे. आमच्याकडे गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात, हे यंत्राला काय माहीत. त्याने गव्हापासून सुरुवात केली. दळण, चाळण, पॅकिंग, शेवटी शिऱ्यासाठी कुठला रवा बरा हेही सांगून मोकळं. दिवाणजी ते छापून घेऊन आले होते, वर्गात वाचून दाखवलं, अख्खा वर्ग लोळला. मग कुणीतरी म्हणालं, पण मग तुम्हीच सांगा. आणि त्यांनी गुऱ्हाळ मांडलं : ऊस, काहील, चुलवाणात जळण म्हणून गेलेलं उसाचंच चिपाड, वरची काढलेली मळी, गुळव्याची मजुरी. चिपाड विकत घेतलेलं नाही, मग जळणाचा खर्च शून्य धरायचा का? उपउत्पादनाचा धडा मी दरवर्षी साबणाच्या कारखान्यावर शिकवत आले. का, कुणास ठाऊक. पुस्तकात साबण होता म्हणून.

तर माझी पहिली सूचना फुकटातली आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी 'उदाहरणासह स्पष्ट करा' हे शब्द पाच वर्षं वापरू नयेत. त्याऐवजी विचारा : तुम्ही जिथे काम करता किंवा राहता तिथली एक प्रक्रिया घ्या, आत काय जातं, बाहेर काय येतं, मधे काय हरवतं ते मोजा, आणि ज्याच्याकडून माहिती घेतली त्याच्याशी झालेलं बोलणं लिहा. यंत्र खोटी फौंड्री रचून देईल, मान्य. म्हणून दुसरी सूचना : दहा मिनिटं फोन.

यावर मला लगेच सांगतात, मॅडम, लाखभर विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा कोण घेणार? हिशेबाची बाई आहे मी, हिशेबच मांडते. माझ्याकडे बेचाळीस. दहा मिनिटांप्रमाणे ४२० मिनिटं, म्हणजे सात तास. तेवढेच तास मी सध्या ते बेचाळीस तेलाचे कारखाने वाचण्यात घालवते, तेही पाठ दुखवून. लाख विद्यार्थी एका माणसाकडे नसतातच, केंद्राकेंद्रावर समंत्रक आहेतच. वाचन कमी करा, बोलणं वाढवा, मानधन तासावर द्या. सगळ्यांचं जमत नसेल तर चिठ्ठ्या टाकून चौघांतला एक निवडा. कुणाला फोन येईल हे आधी माहीत नसलं की चौघेही वाचून ठेवतात. आम्ही शाळेत असताना इन्स्पेक्टर येणार म्हटल्यावर अख्खी शाळा पाढे म्हणायची, इन्स्पेक्टर विचारायचा दोघांना. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाने सरळ दोन वाटाच पाडल्यात : काही परीक्षा समोरासमोर, देखरेखीखाली, आणि बाकी सगळं काम एआय वापरायला मोकळं. आमच्याकडे ७० गुणांची परीक्षा हॉलमध्ये होतेच. उरलेले ३० तरी बोलण्याला द्या.

एक अडचण खरी आहे, आणि ती मला फोन करायला लागल्यावरच कळली. बऱ्याच बायकांचा फोन त्यांचा नसतो. मी लावला की नवरा उचलतो, "काय काम हाय?" विचारतो, मग स्पीकरवर टाकतो. स्पीकरवर, सासूसमोर, असामान्य घट काय सांगणार? चंदगडकडची एक मुलगी रेंजसाठी घरामागच्या टेकाडावर चढते आणि पावसात तेही नाही. २०१९ च्या पुरात आणि परत २०२१ ला आठवडाभर आमचं निम्मं गावच तुटलं होतं, तेव्हा 'ऑनलाइन' शब्दाला काय अर्थ उरला होता ते इथल्या माणसाला विचारा.

यासाठी मला नवं काही सुचत नाही, जुनंच सुचतं. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं हे सगळे सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी या गावात बोर्डिंगं काढायला सुरुवात केली. शिकवणारे शहरात होते, शाळा होत्या. खेड्यातल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. त्यांनी ओळखलं की अडलंय ते तिथे. आज व्याख्यान मोबाईलवर आहे, समजावून सांगणारं यंत्र मोबाईलवर आहे, अडलंय ते जागेचं. तालुक्याच्या ठिकाणी एक खोली, दिवा, नेट, दार लावून बोलता येईल असा एक कोपरा, आणि रात्री दहापर्यंत किल्ली असलेला माणूस. ऑनलाइन शिक्षणाची बोर्डिंगं. सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीत अशा किती खोल्या होतील, कुणीतरी निविदा काढायच्या आधी मोजावं.

आणि यंत्राला काम द्यायचंच असेल तर भरपूर आहे. आमच्या केंद्राच्या फोनवर दिवसभर चारच प्रश्न येतात : हॉल तिकीट कधी, फी किती, पुस्तकं आली का, नावात चूक आहे ती कुठे दुरुस्त होते. यात क्लार्कचा दिवस जातो आणि माझा रविवारचा पहिला अर्धा तास. अटलांटातल्या जॉर्जिया टेकमध्ये अशोक गोयल नावाच्या प्राध्यापकांनी २०१६ साली आपल्या ऑनलाइन वर्गात 'जिल वॉटसन' नावाची सहायक बसवली. ती विद्यार्थ्यांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. बाई नाही, यंत्र आहे, हे बहुतेकांना सत्र संपेपर्यंत कळलं नाही. मला त्यातलं आवडलं ते हे की ९७ टक्के खात्री असेल तरच ती बोलायची, नाहीतर माणसाकडे सोपवायची. आमच्या कार्यालयात हा नियम माणसांना लावला तर शांतता पसरेल. पण यंत्राला लावायलाच हवा, कारण परीक्षेची तारीख चुकीची सांगितली तर गडहिंग्लजहून पहिल्या एसटीने आलेली बाई परत जाते, आणि तिची सुट्टी कुणी भरून देत नाही.

व्हिडिओंबद्दल फार लिहीत नाही. टाळेबंदीत मी स्वतः चोवीस केले, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून. तेराव्यात मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत. तोच सर्वांत जास्त बघितला गेलाय, आणि का ते मला माहीत आहे.

फोन मात्र मी त्या गठ्ठ्यातल्या एकोणीसही जणांना केले. तीन आठवडे लागले. दोघांनी उचललाच नाही, एकाने 'राँग नंबर' म्हणून ठेवला आणि दोन मिनिटांनी परत केला. बाकीच्यांना एकच विचारलं : तुमच्याकडे काय वाया जातं? इचलकरंजीचा पोरगा तुटक्या सुताच्या चिंध्यांवर वीस मिनिटं बोलला. अंगणवाडीतल्या बाईंनी शिजवलेली खिचडी आणि हजेरीपट यांचा जो हिशेब सांगितला तो मी इथे लिहू शकत नाही. ज्यांनी सांगितलं त्यांचे गुण मी सांगितलेल्यावर दिले, कागदावरचे तसेच ठेवून वर तारीख टाकली. नियमात बसतं का, माहीत नाही. कुणी विचारलं तर बघू.

परवाच्या रविवारी फौंड्रीवाला आला तो पिशवी घेऊन. वर्ग चालू असताना पुढे आला आणि टेबलावर धाडकन एक काळा, ओबडधोबड लोखंडाचा तुकडा ठेवला. रनर. वाळूचे कण अजून चिकटलेले. हजेरीपुस्तकावर काळा डाग पडला तो अजून आहे. वॉचमनला सांगून, लिहून देऊन बाहेर आणला म्हणाला, उद्या परत न्यायचाय, भट्टीत जायचा आहे.

तुकडा हातोहात फिरला. अंगणवाडीच्या बाईंनी दोन्ही हातांनी उचलून वजन सांगितलं, मागच्या बाईंनी आणखी अर्धा किलो वाढवलं. मग त्याने त्याचा खरा प्रश्न काढला. जुलैत वाळू ओली येते, ब्लो होल वाढतात, रिजेक्शन दुप्पट होतं. मॅनेजर म्हणतो ही असामान्य घट, मोल्डिंगवाल्यांच्या निष्काळजीपणाची, त्यांच्या नावावर टाका.

"पण मॅडम, पाऊस तर दरवर्षी येतोय. मग असामान्य कसा?"

दिवाणजी म्हणाले, दरवर्षी येतो तर मग धंद्याच्या खर्चात धरायला पाहिजे, गुऱ्हाळवाले धरतात. इचलकरंजीचा म्हणाला, दरवर्षी येतो हे माहीत असून वाळू झाकली नाही म्हणजे चूक मॅनेजरची. मागच्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पण २०१९ चा पाऊस दरवर्षीचा नव्हता, मग त्या वर्षीचं काय करायचं, अर्धं इकडे अर्धं तिकडे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खडू घेतला, फळ्यावर दोन रकाने पाडले आणि तशीच उभी राहिले.

दीड वाजता शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात आले. "मॅडम, मटण गार होतंय घरी," ते म्हणाले. कुणी उठलं नाही.